लिहायच्या आधी वाचायचं

मगदूम अण्णांच्या अंगणात माझा कॉम्प्युटर तासभर नुसता पडून होता आणि त्याच्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत मी धुसफुसत बसले होते. ही आमची पहिली भेट. कॅबिनेटची एक बाजू उघडून अण्णांनी तो कढीपत्त्याच्या झाडाखाली ठेवला आणि ते सरळ घरात निघून गेले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं ड्रॉइंगचं छोटं ऑफिस आहे. ओतकामाच्या कारखान्यांना सुट्या भागांची ड्रॉइंग करून द्यायची, हा माझा धंदा. त्या दिवशी दोन गिऱ्हाइकं माझ्या नावानं खडे फोडत असणार. शेवटी न राहवून मी हाक मारली, "अण्णा, हात कधी लावणार मशीनला?"

आतून आवाज आला, "भाडेकरू बाहेर पडू द्यात की, बाई. नोटीस दिल्याय त्यास्नी."

भाडेकरू म्हणजे मुंग्या, झुरळं, कोळी. जुन्या मशीनच्या पोटात किती जणांनी संसार थाटलेले असतात ते मला तेव्हा कळलं. दुसऱ्या कुणी ब्लोअर मारून दोन मिनिटांत सगळं साफ केलं असतं. अण्णा जैन, आणि नुसते नावाचे जैन नव्हेत. मुंग्यांची रांग संपेपर्यंत त्यांनी स्क्रूड्रायव्हरला हात लावला नाही. एक कोळी मात्र पंख्याच्या पात्याला धरून बसला होता. त्याला त्यांनी जुन्या लग्नपत्रिकेवर अलगद घेतलं, झाडाच्या बुंध्याशी सोडलं आणि मग मला विचारलं, "हं. आता सांगा, काय दुखतंय याचं?"

दुखणं तसं साधंच होतं. पुण्याच्या कुठल्याशा मोठ्या कंपनीनं मोडीत काढलेला तो वर्कस्टेशन मी घेतला होता. अंगात हत्तीचं बळ, पण सकाळी उठायला म्हणजे कुंभकर्ण. त्यात नवी, वेगवान डिस्क बसवा असं कुणीतरी सांगितलं, म्हणून ती आणली. बोटाएवढी पट्टी. पण मशीन त्या डिस्कवरून सुरूच होईना. राजारामपुरीतल्या दोन दुकानदारांनी "मॅडम, नवीन मशीन घ्या" असं सांगून मला वाटेला लावलं. तिसऱ्यानं अण्णांचा पत्ता दिला. कळंबा रोडला घर, बाहेर पाटी नाही, अंगणात कढीपत्ता.

अण्णांनी मदरबोर्डवरच्या एका नखाएवढ्या चिपवर चिमट्याचं टोक ठेवलं. "वीज दिली की मशीन पयल्यांदा हिला वाचतंय. उठल्यावर काय करायचं, कुणाला हाक मारायची, सगळं हिच्यात लिव्हलंय. आनि हिच्यात लिव्हलं तवा तुमची ही नवी डिस्क जन्मालाच आली न्हवती. मग वळखणार कशी? पावणं दारात उभं आनि घरातलं कोण वळखंना, तशी गत झाल्या. आपण त्या पावण्याच्या वळखीच्या चार ओळी हिच्यात घालायच्या."

"एवढंच?" मी म्हणाले.

"एवढंच. आनि चुकलं तर मशीन परत उठत न्हाय. ते बी एवढंच."

मग त्यांनी चष्मा बदलला. त्यांच्याकडे दोन चष्मे असत, एक माणसांसाठी आणि एक चिपसाठी, आणि दोन्ही एकाच काळ्या दोऱ्यानं गळ्यात अडकवलेले. मला म्हणाले, मशीनच्या मागच्या पट्टीवरचा नंबर मोठ्यानं वाचा. मी वाचला. त्यांनी एका छोट्या लिफाफ्यावर लिहून घेतला. पुन्हा वाचा म्हणाले. मग तिसऱ्यांदा. मी विचारलं, "बारसं चाललंय का?"

"बारसंच म्हणा. नावात घोळ झाला तर पुढं सगळाच घोळ."

चिपच्या आठ पायांवर त्यांनी एक चिमटा बसवला, त्याची वायर आपल्या लॅपटॉपला जोडली आणि चिपमधलं सगळं वाचून घेतलं. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, दोन्ही ताडून पाहिलं. फरक पडला. चिमटा काढला, पाय पुसले, पुन्हा बसवला, पुन्हा पहिल्यापासून. लागोपाठ तीन वेळा वाचलेलं अक्षर न् अक्षर जुळेपर्यंत त्यांनी नवीन काही लिहिलं नाही. माझी चुळबुळ पाहून मान वर न करता म्हणाले, "लिहायच्या आधी वाचायचं. शाळेत शिकवलं न्हवतं?"

हे वाक्य पुढे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की ते सुरू झालं की मी ते पुरं करत असे.

लिहून झालं. अण्णांनी मला बटण दाबायला सांगितलं आणि स्वतः डोळे मिटून उभे राहिले. पंखा फिरला, एक बारीक शिट्टी वाजली, आणि मी डोळ्यांची उघडझाप करते तोवर मशीन कामाला तयार होतं. मी आनंदानं टाळी वाजवली. अण्णांनी डोळे उघडले, लिफाफ्यात एक छोटं मेमरी कार्ड घातलं आणि माझ्यापुढे धरलं. "ही तुमची मूळ प्रत. चिपमधी आदी जे होतं ते. एक तुमच्याकडं, एक माझ्याकडं. कवा काय झालं तर मूळ पायजे."

मी इतक्या घाईत निघाले की तो लिफाफा खुर्चीतच राहिला.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात, केएमटीच्या बसनं, तो लिफाफा घेऊन अण्णा माझ्या ऑफिसात हजर झाले. पांढरा अर्ध्या बाहीचा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. मी माठातलं पाणी पुढे केलं. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "नको."

पाण्याचा पेला तसाच परत आला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. त्याला कारण आहे. माझे आजोबा विहिरीपासून लांब, ओंजळ धरून, कुणी वरून पाणी घालेल याची वाट बघत उभे राहिलेले आहेत. ते आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही. मी म्हणाले, "अण्णा, मी कांबळे. बाहेर पाटीवर नाव आहे. आमचं पाणी चालत नसेल तर तसं सरळ सांगा. हात जोडू नका."

अण्णांनी जोडलेले हात खाली घेतले. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, न गाळलेलं पाणी मी सख्ख्या भणीच्या घरात बी पीत न्हाय."

"असं सगळेच सांगतात," मी म्हणाले.

लिफाफा टेबलावर ठेवून ते निघून गेले. झालं, एक चांगला कारागीर आपण तोंडानं घालवला, असं मला वाटलं. वाईटही वाटलं, पण बोललेलं मागे घ्यावं असं काही वाटलं नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याच बसनं, अण्णा पुन्हा आले. पिशवीतून त्यांनी जाड पांढरं धुवट फडकं काढलं, दुहेरी घडी केली, माझ्याकडून पातेलं मागून घेतलं आणि माझ्या माठातलं पाणी फडक्यातून त्यात गाळलं. फडकं उलटं करून त्यात अडकलेले बारीक जीव थोड्या पाण्यासह पुन्हा माठात सोडले. मग माझ्यासमोर बसून, माझ्याच पेल्यानं, दोन पेले पाणी प्यायले. फडकं पिळून माझ्या खिडकीच्या खिळ्यावर वाळत घातलं आणि म्हणाले, "हे हितंच ऱ्हाऊ दे. मला परत परत यायचं हाय."

अण्णा तेव्हापासून मला "वंदना" म्हणू लागले, आणि मी "तुम्ही"ची "तू" कधी झाले ते कळलंही नाही.

पुढची काही वर्षं अण्णांचं आणि माझं जाणं-येणं राहिलं. एका तंत्रशाळेत त्यांनी उभी हयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं होतं. मुलगी लग्न होऊन बेळगावला, घरात ते आणि काकू. दिवस मावळायच्या आत जेवण म्हणजे जेवण, त्यानंतर पाण्याचा घोटही नाही. एकदा एक कारखानदार दुपारी उशिरा आला आणि "आजच करून द्या" म्हणून अडून बसला. अण्णांनी त्याला आत बोलावलं, पाटावर बसवलं आणि ताट वाढायला लावलं. कांदा-लसूण नसलेली भाजी तो बिचारा गुपचूप जेवला आणि मशीन ठेवून गेला. कुणी "अण्णा, हे जुनं धूड कशाला सांभाळायचं?" म्हटलं की ते उखडत. "चालतंय न्हवं? मग? चालतंय त्येला भंगार म्हणताना जीभ कशी उचलते रं तुमची?" आवाज असा की समोरच्या घरातली बाई खिडकीत यायची. मात्र चिपला चिमटा लावताना ते श्वासही जपून घेत.

त्यांच्याकडे बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. त्यात सगळ्या मशीनच्या मूळ प्रती, प्रत्येकाचा वेगळा लिफाफा, वर नाव, गाव, मशीनचा नंबर, आडनावाप्रमाणे लावलेले. एकदा माझ्या एका ओळखीच्याची प्रत शोधताना माझ्या हाताला एक लिफाफा नुसताच चपटा लागला. आत काही नव्हतं. वर अण्णांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'सुतार, तानाजी. मूळ नाही.'

"हा रिकामा कसा?" मी विचारलं.

अण्णांनी लिफाफा माझ्या हातून घेतला, परत जागेवर ठेवला, आणि बराच वेळ डब्याचं झाकण पुसत बसले. मग सांगितलं.

तानाजी सुतार हा उद्यमनगरातला पॅटर्नमेकर. लोखंड ओतायच्या आधी त्या भागाचा हुबेहूब लाकडी तुकडा करावा लागतो, त्याला पॅटर्न म्हणतात. तानाजीचा हात त्यात मोठा. नुसता हात नव्हे, काळाबरोबर जाणारा माणूस. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायला तो चाळिशी उलटल्यावर शिकला, आणि अकरा वर्षांत केलेलं एकूण एक ड्रॉइंग त्याच्या एका मशीनवर होतं. ते ज्या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं, त्याचा परवाना त्या एका मशीनच्या ओळखीला बांधलेला. आणि सॉफ्टवेअर करणारी कंपनी कधीच बंद पडलेली.

अण्णा तेव्हा या कामात नवखे नव्हते, पण सवयी पडायच्या होत्या. तानाजीचं मशीन आणि आणखी एकाचं, अगदी त्याच जातीचं मशीन, एकाच दिवशी टेबलावर होती. अण्णांनी तानाजीची चिप वाचली आणि 'मूळ' असं नाव देऊन ठेवली. मग दुसऱ्याची वाचली आणि तीही 'मूळ' याच नावानं ठेवली. दुसरीनं पहिलीला पुसून टाकलं. पुढे त्याच प्रतीत नव्या डिस्कच्या ओळी घालून अण्णांनी दोन्ही मशीनमध्ये लिहिली. दोन्ही मशीन झटकन उठली. अण्णांनी पेढे वाटले.

"पर तानाजीचं मशीन आता तानाजीचं न्हवतं," अण्णा म्हणाले. "ह्या चिपमधी नुसतं उठायचं कसं ते नसतंय, वंदना. मशीनचा नंबर, वळख, सगळं तितंच असतंय. मी त्येच्यात दुसऱ्याची वळख घातली. सॉफ्टवेअरनं दार लावून घेतलं. अकरा वर्सांचं काम आत, आनि हा बाहीर."

दोन वर्षं अण्णांनी ती पुसलेली प्रत शोधली. डिस्कच्या कानाकोपऱ्यातून, मोडलेल्या फायलींचे तुकडे जोडून. सापडली नाही. तोवर कारखान्यांनी तानाजीकडे जुन्या ड्रॉइंगमध्ये बदल मागितले, त्याला देता येईनात, काम दुसरीकडे गेलं. एक दिवस त्यानं मशीन भंगारात घातलं, शेडची किल्ली मालकाला दिली आणि पन्हाळ्याच्या पायथ्याच्या आपल्या गावी निघून गेला. आता तिथं पाट, पोळपाट, देव्हारे करतो.

तेव्हापासून अण्णा नंबर तीनदा मोठ्यानं वाचून घेऊ लागले.

भाद्रपदात जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व असतं. गणपतीची मिरवणूक संपून कोल्हापूर जरा झोप काढतं, पौर्णिमा होते, आणि तिच्या दुसऱ्या दिवशी क्षमावणी. वर्षभरात कळत-नकळत कुणाला दुखावलं असेल तर त्या दिवशी हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणायचं. हल्ली पुष्कळ जण मोबाइलवरच फुलांचं चित्र पाठवून मोकळे होतात. अण्णा मात्र दर क्षमावणीला तानाजीच्या गावी जात. आधी एसटीनं. गुडघे दुखायला लागल्यावर माझ्या स्कूटरवर मागे बसून.

पहिल्यांदा गेलो तेव्हा तानाजी ओसरीवर रंधा मारत बसला होता. धिप्पाड माणूस, भुवयांवर लाकडाचा भुसा. अण्णांना बघून म्हणाला, "या पावणं." इतक्या वर्षांच्या ओळखीच्या माणसाला पावणं! अनोळखी वाटसरूला म्हणावं तसं. माझं टाळकं तिथंच फिरलं.

अण्णा पाटावर बसले. पुढ्यात पाण्याचा तांब्या, वाटीत गूळ-शेंगा आधीपासून ठेवलेल्या. अण्णांनी खिशातून तो रिकामा लिफाफा काढून मांडीवर ठेवला, हात जोडले आणि म्हणाले, "तानाजीराव, उत्तम क्षमा. माझ्या हातनं तुमचं नुकसान झालं. माफी मागतो."

तानाजीनं रंध्यातून निघालेली साल बोटावर गुंडाळली, उलगडली. मग म्हणाला, "बघू फुडच्या साली."

अण्णांनी मान डोलावली आणि लिफाफा खिशात ठेवला. त्यानंतर दोघं तासभर बोलत बसले. पाऊस, ऊस, सागाला लागलेली कीड, कुणाच्या पोरीचं लग्न. जणू काही झालंच नव्हतं. अण्णा पाणी प्यायले, त्यांनी शेंगा खाल्ल्या, आणि आम्ही निघालो.

परत येताना मी स्कूटर चालवत सगळा वेळ बडबडत होते. सुंभ जळाला तरी पीळ गेला नाही, असला माणूस! म्हाताऱ्या माणसाला दरवर्षी एवढं लांब यायला लावतो. एक शब्द बोलायला काय जातं?

अण्णा मागून म्हणाले, "मागायचं काम माझं. द्यायचं त्येचं. त्येच्या कामात मी कशाला हात घालू?"

"आणि त्यानं कधीच दिलं नाही तर?"

वडणगे फाटा गेल्यावर अण्णा हळूच म्हणाले, "हे वझं घेऊनच जगातनं जायचं म्हणजे जरा जड जाईल."

अण्णांना काय हवं होतं ते मला त्या वाक्यानं कळलं. त्यांच्या सगळ्या व्रतांपेक्षा, उपासांपेक्षा, त्यांना त्या एका माणसाच्या तोंडून एक शब्द ऐकायचा होता. त्यानंतर मी दोनदा त्यांना घेऊन गेले. दोन्ही वेळा 'या पावणं', दोन्ही वेळा गूळ-शेंगा, दोन्ही वेळा 'बघू फुडच्या साली'.

त्याच्या पुढच्या वर्षी अण्णांच्या किडन्यांनी काम सोडलं. माणूस बघता बघता निम्मा झाला. डॉक्टरांनी सांगितलेले उपचार त्यांनी काही महिने घेतले, मग पुरे म्हणाले. काकू रडल्या, मुलगी बेळगावहून येऊन भांडली, मीही भांडून घेतलं. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मला डबा खाली काढायला लावला.

पुढचा महिनाभर ते एकच काम करत होते. एकेकाला फोन करून बोलवायचं आणि त्याची मूळ प्रत त्याच्या हातात द्यायची. मी लिफाफ्यावरचं नाव वाचायची, नंबर वाचायची, ते मान डोलवायचे. लोक येत, उंबऱ्यात चपला काढत, लिफाफा घेत आणि अण्णांना वाकून नमस्कार करत. मला 'नवीन मशीन घ्या' सांगणाऱ्या राजारामपुरीतल्या त्या दोन दुकानदारांपैकी एक जण आला होता. तोही चोरून त्यांच्याकडेच मशीन आणत होता, हे मला तेव्हा समजलं. डबा रिकामा होत गेला, आणि दशलक्षण सुरू झालं तेव्हा त्यात एकच लिफाफा राहिला होता.

क्षमावणीच्या दिवशी अण्णांना उठून बसवतही नव्हतं. मी दुपारी जेवून, त्यांना न सांगता, स्कूटर काढली आणि एकटीच निघाले. वाटभर शिव्यांची तयारी केली. चांगल्या ठेवणीतल्या. एका मरणाऱ्या माणसाला तू तिष्ठत ठेवलंयस, तुझी ड्रॉइंग गेली म्हणून तुझं काळीजही गेलं का, असं सगळं तोंडपाठ करून मी गावात शिरले.

तानाजी ओसरीवर बसला होता. रंधा नव्हता, भुसा नव्हता. ओसरी झाडलेली, सारवलेली. अंगात धुतलेला शर्ट, केस विंचरलेले, आणि नजर रस्त्यावर. शेजारी पाट मांडलेला, वाटीत गूळ-शेंगा, तांब्या. तांब्याच्या तोंडावर पांढरंशुभ्र फडकं, कोरं, दुहेरी घडी केलेलं.

मी स्कूटरवरच बसून त्या फडक्याकडे बघत राहिले. ते दर वर्षी तिथं होतं. दर वर्षी कोरं होतं. अण्णा ते पाणी एकदाही न विचारता प्यायले होते, आणि ते फडकं तीनदा समोर असूनही मला दिसलं नव्हतं. ड्रॉइंगमधली केसाएवढी चूक शोधून लोकांचे कान उपटणारी मी, या माणसाला न वाचताच त्याच्यावर जे लिहायचं ते लिहून मोकळी झाले होते. मला स्वतःची लाज वाटली.

"पावणं कुटं हायत?" तानाजीनं विचारलं. तो माझ्या मागे बघत होता, रस्त्यावर.

मी सांगितलं. पाठ केलेल्यातला एक शब्दही बाहेर आला नाही. त्यानं उठून तांब्यावरचं फडकं काढलं, घडी करून खिशात घातलं, घराला कडी लावली आणि म्हणाला, "मागं बसू काय?"

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. काकूंनी पलंग दाराशी आणून ठेवला होता आणि अण्णा उशांना टेकून अंगणाकडे बघत होते. तानाजीला बघून त्यांनी उठायची धडपड केली. त्यानं खांद्याला धरून त्यांना निजवलं आणि स्वतः खाली फरशीवर बसला. अण्णांनी उशीखालून लिफाफा काढला. हात जोडायला त्यांना वेळ लागला.

"तानाजीराव, उत्तम क्षमा," ते म्हणाले.

"ते पाकीट द्या हिकडं," तानाजी म्हणाला.

अण्णांनी दिलं. त्यानं त्यावरचं नाव बोट ठेवून वाचलं, मधोमध दुमडलं आणि शर्टाच्या खिशात घातलं. "माझं हाय ते. मी नेतो. मिटलं, अण्णा. आजचं न्हवं, कवाच मिटलंय."

मी त्याला पहिल्यांदाच अण्णा म्हणताना ऐकलं. अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. "मग इतकी सालं का सांगिटलं न्हाईस?"

तानाजी खाली फरशीकडे बघत होता. एवढा धिप्पाड माणूस, पण आवाज पार आत गेलेला. "शेड सोडल्यापास्नं उद्यमनगरातलं कोण बी दारात आलं न्हाय माज्या. तुमीच तेवढं येत होता. मिटलं म्हटलं असतं, तर तुमी कशाला आला असता?"

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "आलो असतो की रं," ते म्हणाले. "आलो असतो की."

तानाजीनं मनगटानं तोंड पुसलं. काकू आत वळून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग काकूंनीच दारातून आभाळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दिवस मावळाया आला. पानी घेतायसा न्हवं?"

तानाजी उठला. काकू म्हणाल्या, गाळलेलंच आहे, तरी त्यानं खिशातलं फडकं काढलं, पेल्यावर धरलं आणि पाणी पुन्हा गाळून घेतलं. पलंगाच्या कडेवर बसून त्यानं पेला अण्णांच्या ओठांना लावला. मी चपला घालून अंगणात आले. तिथं आपलं काही काम नाही, हे मला समजत होतं.

कढीपत्त्याखाली स्कूटर वळवताना मी एकदा मागे पाहिलं. दाराशी पलंग, पलंगाखाली झाकण उघडं पडलेला रिकामा डबा. अण्णा दोन्ही हातांनी पेला धरून घोट घोट पाणी पीत होते, आणि तानाजीनं खालून आपला हात लावून धरला होता. जिवंतपणी मी अण्णांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं.